मोंढ्यातला बिटकॉइन

(अंतिम वर्ष, संगणक शाखा)

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे आपल्याकडे ठरलेले विषय आहेत. हजेरीचं सॉफ्टवेअर, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, मोबाईलवरून चालू होणारी विहिरीवरची मोटर, आणि काहीच सुचलं नाही तर चेहरा ओळखून उघडणारा दरवाजा. (हा दरवाजा डेमोच्या दिवशी कधीच उघडत नाही, ही परंपरा आहे.) आमच्या चौघांच्या ग्रुपने विषय घेतला 'नवशिक्यांसाठी मराठीतलं क्रिप्टो गुंतवणूक अ‍ॅप'. नाव ऐकून एका सरांनी फक्त एवढंच विचारलं, "बीड जिल्ह्यात?" आम्ही म्हटलं, "हो सर, बीड जिल्ह्यातच." सर हसले. गाइड मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, अ‍ॅपमध्ये खरा पैसा एक रुपयाही फिरता कामा नये, सगळे भाव खोटे ठेवायचे. दोन, ज्यांच्यावर अ‍ॅप तपासायचं ती माणसं मात्र खरी पाहिजेत आणि ती आपल्या कॉलेजची नसावीत.

दुसऱ्या अटीने आमची दिवाळीची सुट्टी गेली. धारूर, केज, माजलगाव असा आमचा दौरा झाला. एका मोटारसायकलवर दोघे, पाठीवर लॅपटॉप.

आता मंडळी, हे सोपं अ‍ॅप म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या धंद्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं आणि रस्ता मोकळा झाला. त्यानंतर लॉकडाऊन लागला, घरोघरी माणसं मोबाईल घेऊन बसली, आणि मुंबई-बंगलोरच्या कंपन्यांनी शंभर रुपयांपासून बिटकॉइन विकायला सुरुवात केली. २०२१ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये दोन ओव्हरच्या मध्ये याच्याच जाहिराती होत्या. या अ‍ॅपची सगळी करामत एकाच गोष्टीत होती, ती म्हणजे बोटं कमी हलवायची. नाव टाका, पॅन टाका, रक्कम टाका, झालं! आम्हालाही डिझाईनच्या तासाला तेच शिकवलंय की माणसाला विचार करायला लावू नका, तीन टिचक्यांत काम झालं पाहिजे.

आम्ही तसा नमुना बनवला. हिरवं बटण, मोठी अक्षरं, मराठी भाषा. तो घेऊन पहिल्यांदा माझ्या चुलत्यांकडे गेलो. ते माजलगावच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहेत. कापूस-सोयाबीनच्या हंगामात त्यांना जेवायला फुरसत नसते. तरी त्यांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि सगळं वाचून काढलं. दहा हजारांचा बिटकॉइन घ्यायचा, भाव वाढला की बारा हजारांना विकायचा. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'अभिनंदन! तुमचा नफा ₹२,०००'.

चुलते म्हणाले, "पट्टी कुठंय?"

"कसली पट्टी, काका?"

"आरं, माल इकला ना त्यानं? मग पट्टी दे की त्याला. हातात किती पडलं ते कुठं लिहिलंय?"

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी मोंढ्यात माल विकतो तेव्हा आडत्या त्याला एक कागद देतो, ती पट्टी. वर मालाचं वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, जे काय कापलं असेल ते, आणि सगळ्यात शेवटी हातात पडणारी रक्कम. भाव कितीही चांगला निघाला तरी शेतकऱ्याची नजर पट्टीच्या शेवटच्या ओळीवर असते. मोंढ्याबाहेर चहाच्या टपरीवर कोणी भावाची बढाई मारायला लागलं तर दुसरा म्हणतो, पट्टी दाखव.

मग आम्ही तिथेच आडतीच्या गादीवर बसून क्रिप्टोची पट्टी मांडली. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. दोन हजारांवर सहाशे. त्यावर चार टक्के सेस, म्हणजे चोवीस. झाले सहाशे चोवीस. शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस. बारा हजारांवर एकशे वीस रुपये अ‍ॅप परस्पर कापून घेतं. ते सहाशे चोवीसमध्ये धरले जातात, पण उरलेले पाचशे चार रुपये रिटर्न भरताना आपणच भरायचे. अ‍ॅपचं कमिशन वेगळं. म्हणजे हातात पडणार ११,३७६ आणि त्यातून कमिशन वजा. माणसाचं बाकीचं उत्पन्न कमी असो की जास्त, दर तोच.

"आन् तोटा झाला तर?"

तोट्याचं ऐकून काकांनी चष्माच काढला. एका नाण्यात दोन हजार मिळाले आणि दुसऱ्यात दोन हजार गेले, तरी पहिल्या नाण्याचा कर पूर्ण भरायचा, तोटा त्यातून वजा करता येत नाही. पुढच्या वर्षालाही नेता येत नाही. काका म्हणाले, "सोयाबीनमधी बुडालं आन् कापसात निघालं, तर वर्षाचा हिशोब एकच धरतेत की. हे कुठलं गणित?" मी म्हटलं, काका, हे दिल्लीचं गणित आहे. ते म्हणाले, "मग ते आधी लिहा, अभिनंदन मागून लिहा."

आमच्या अ‍ॅपमध्ये आता 'अभिनंदन' हा शब्दच नाही. विक्रीचं बटण दाबायच्या आधी पट्टी येते, पांढऱ्या कागदासारखी, आणि शेवटच्या ओळीत हातात पडणारी रक्कम. पूर्ण प्रोजेक्टमध्ये मला सगळ्यात जास्त आवडणारा पडदा तोच आहे. त्याचं श्रेय पूर्णपणे माजलगावच्या मोंढ्याला.

भाषेचं प्रकरण याहून अवघड निघालं. इन्व्हेस्ट म्हणजे गुंतवणूक, ठीक. पण खेड्यात 'गुंतवणूक' म्हटलं की लोक म्हणतात, "म्हणजे ठेवच ना?" आणि ठेव म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "टक्के किती?" आम्ही अकरा जणांना अ‍ॅप दाखवलं. त्यातल्या आठ जणांनी नाव वाचायच्या आधी हा प्रश्न विचारला. टक्के किती! जणू काही टक्केच नसतील तर बोलायचंच काय.

हा प्रश्न विनोदी नाही. या प्रश्नाच्या उत्तरावरच आपल्या जिल्ह्याचा पैसा बुडालेला आहे. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टीस्टेटने १२ ते १४ टक्के व्याज सांगून ठेवी घेतल्या. २०२३ पासून ठेवी परत मिळेनाशा झाल्या, २०२४ मध्ये अध्यक्षांना अटक झाली, हे सगळं पेपरात आलेलं आहे. क्रिप्टोतलं उदाहरण हवं असेल तर 'गेनबिटकॉइन'. महिन्याला १० टक्के, तेही अठरा महिने, असं सांगून देशभरातून बिटकॉइन गोळा केले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्याच्या सूत्रधाराला, अमित भारद्वाजला, अटक केली. पुढे २०२२ मध्ये तो वारला. तपास सीबीआयकडे गेला आणि २०२५ मध्येसुद्धा छापे पडत होते. महिन्याला दहा टक्के! खाजगी सावकारालासुद्धा हा आकडा बोलताना जीभ चावावी लागेल. पण लोकांनी दिले, कारण सांगणारा ओळखीचा होता. त्याला त्याच्या ओळखीच्याने सांगितलं होतं, आणि खाली माणसं जोडली की वरच्याला वाटा मिळत होता.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. 'मित्राला जोडा, शंभर रुपये मिळवा' हे जे सगळ्या अ‍ॅपमध्ये असतं ते काढून टाकलं. (आमच्या मार्केटिंग शिकणाऱ्या मित्राच्या मते हा आत्महत्येचा प्रकार आहे.) आणि अ‍ॅप उघडल्या उघडल्या पहिल्या पडद्यावर चार ओळी टाकल्या: 'ही ठेव नाही. यात व्याज नाही. भाव चढतो, भाव पडतो. पैसे बुडाले तर भरून देणारं कोणी नाही.' बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. क्रिप्टोला नाही, आणि पतसंस्थेतल्या ठेवीलाही तो विमा नसतो, ही दुसरी गोष्ट सांगितली की समोरचा जास्त दचकतो. २०२२ पासून जाहिरातींमध्ये असा धोक्याचा इशारा द्यावा लागतो हे खरं आहे, पण तो टीव्हीवर इतक्या वेगाने बोलतात की तो इशारा आहे हे कळायला इशारा लागेल.

आमच्या गल्लीतल्या एका मावशी या पडद्यावर बराच वेळ थांबल्या. त्यांचे मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे एका पतसंस्थेत अडकलेत. त्या म्हणाल्या, "हे आसं कोणी तवा लिहून दिलं आसतं तर ठिवले नसते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "नाही, तरी ठिवले आसते. समदेच ठिवत होते." मी हे वाक्य रिपोर्टमध्ये जसंच्या तसं टाकलंय.

आकड्यांचा विषय तसा मजेदार झाला. एका बिटकॉइनचा भाव पन्नास लाख धरला तर शंभर रुपयांत मिळतो ०.००००२ बिटकॉइन. हा आकडा बघून माझी आजी म्हणाली, "म्हणजी काहीच नाही की!" बिटकॉइनचे दहा कोटी भाग पडतात, एका भागाला सातोशी म्हणतात. शंभर रुपयांचे झाले दोन हजार सातोशी. पण सातोशी म्हणजे काय हे सांगायचं कसं? आजीनेच सोडवलं. पूर्वी सोनाराकडे तोळा, मासा, गुंज असायचं. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. "गरिबानं गुंजभर घ्यायचं," म्हणाली. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये सातोशीचं नाव गुंज. अ‍ॅपमध्ये मात्र सातोशीच ठेवलंय, नाहीतर बाहेर कुठे तो शब्द दिसणारच नाही. शिवाय आजीला अंक देवनागरी लागतात आणि दहावीतल्या पोराला इंग्रजी. म्हणून अंक बदलायचं बटण द्यावं लागलं. आलेख बघून आजीने विचारलं, "ही कुणाची छातीची पट्टी?" ईसीजी! त्यावर आम्ही काही उत्तर दिलं नाही.

आलेखाच्या जागी आम्ही एक सरकपट्टी दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये, बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास असताना, तुम्ही शंभर रुपये घातले. बोट सरकवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते साधारण पंचवीस रुपये झालेले असतात. अजून सरकवा. डिसेंबर २०२४ मध्ये भावाने एक लाख डॉलर ओलांडले, तेव्हा शंभराचे दीडशेच्या पुढे. आमच्या मते हे फार प्रामाणिक चित्र होतं, पडझडही दिसते आणि थांबणाऱ्याला फायदाही दिसतो. मुनीमकाकांनी ते दोनदा सरकवून पाहिलं.

"तीन वर्षं थांबला म्हणून वाचला," ते म्हणाले. "थांबायला कोणाला जमतंय? सोयाबीन घरात ठिवलं तर चार महिन्यांनी भाव येईल हे शेतकऱ्याला कळत नाही का? कळतंय. पण बी-बियाणाचं देणं आसतंय, म्हणून तो दिवाळीतच इकतो."

पुस्तकात याला 'जोखीम सहन करण्याची क्षमता' म्हणतात आणि ती मोजायला सहा प्रश्नांची प्रश्नावली असते. काकांना एकही प्रश्न लागला नाही.

चावीचा घोळ सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. क्रिप्टो खऱ्या अर्थाने स्वतःच्या ताब्यात ठेवायचा तर बारा किंवा चोवीस शब्द मिळतात. तेच शब्द म्हणजे तिजोरीची चावी. हरवले तर पैसे गेले, दुसऱ्याला कळले तरी गेले. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. याद्या इंग्रजी, जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज भाषांत आहेत. मराठी नाही. हिंदी नाही. भारतातली एकही भाषा नाही! म्हणजे अंगठ्याऐवजी सही शिकलेल्या बाईने आपल्या पैशाची चावी परक्या भाषेत, एकही अक्षर न चुकता कागदावर उतरवायची आणि तो कागद पत्र्याच्या घरात पावसाळ्यात जपायचा. हे आम्हाला पटलं नाही.

मग दुसरा मार्ग, चावी कंपनीकडे ठेवायची. त्याचंही उदाहरण समोर आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्सवर हल्ला झाला आणि २३ कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. लोकांचे व्यवहार वर्षाहून जास्त काळ बंद राहिले. म्हणजे चावी आपल्याकडे ठेवली तर उंदीर, पाऊस आणि विसर, आणि दुसऱ्याकडे ठेवली तर चोर. नवशिक्यासाठी आम्ही दुसरा मार्ग ठेवला आणि शेजारी हा प्रसंग तारखेसकट लिहिला. समाधान झालेलं नाही. मॅडमनी शेरा मारलाय, 'हा प्रश्न डिझाईनचा नाही'. बरोबर आहे, पण पडदा तर आमचाच आहे ना.

केवायसीबद्दल एवढंच सांगतो की आपल्याकडे बायकांच्या आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं नाव हे सर्रास असतं, आणि त्यामुळे पाच बायकांपैकी तिघी तिथेच अडकल्या. यंत्र म्हणतं, नाव जुळत नाही. नाव जुळत नाही हे त्यांना लग्नापासून माहीत आहे.

आता ग्रुपमधलं भांडण. आमच्यातल्या एकाचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं जातात, हे आपल्याला नवीन नाही. जायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतात, एका कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला एकरकमी. वर्षात मोठी रक्कम हातात येते ती हीच, आणि ती फेडायची असते अंगमेहनतीने, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत. माझं म्हणणं होतं की अशा पैशाला अ‍ॅपने अडवलं पाहिजे. पहिल्या खरेदीच्या आधी विचारायचं, 'हे पैसे कर्जाचे किंवा उचलीचे आहेत का?' 'हो' म्हटलं की दार बंद.

तो भडकला. म्हणाला, "तू कोण दार बंद करणारा? पुण्याच्या पोराला कोणी विचारतंय का, बापाचे पैसे हायेत का तुझे? त्यानं तीन टिचक्यांत घ्यायचं आन् माझ्या बापानं फॉर्म भरायचा! आम्ही हिशोब करत नाही आसं वाटतंय का तुला? आमच्याइतका हिशोब कोणी करत नाही."

दोन दिवस आम्ही बोललो नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि दार उघडं ठेवावं हेही मला पटत नव्हतं. शेवटी त्याने स्वतःच एक प्रश्न लिहून आणला, आणि तो सगळ्यांना विचारायचा, पुण्याच्या पोरालाही, अशी अट घातली. दार बंद करायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा आणि पहिल्या खरेदीला एक दिवस थांबवायचं. प्रश्न असा आहे: 'हे पैसे बुडाले तर तुम्हाला कोणाला सांगावं लागेल?' खाली एक रिकामी चौकट.

हा पडदा सुट्टीच्या शेवटी अकराही जणांना परत दाखवला. एका पोराने लिहिलं 'पप्पा', आणि तरी पुढे गेला. मावशींनी चौकट रिकामी ठेवली आणि फोन परत दिला. मुनीमकाका म्हणाले, "बायकोला," आणि हसले. त्यांनी शंभर रुपयांचा खोटा बिटकॉइन घेतला आणि पट्टी मागितली. धारूरच्या बाजूला एक ऊसतोड कामगार भेटले, टोळीचा ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता. त्यांनी माझ्या मित्राकडून एक शब्द लिहून घेतला, 'मुकादम'. मग थोडा वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या बघू." अ‍ॅपनेही एक दिवस थांबायचंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते कर्नाटकात गेले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अकरापैकी किती जणांनी खरेदी पूर्ण केली?" आम्ही सांगितलं, चार. सर म्हणाले, "फार कमी आहे, अजून सोपं करा." माझ्या मित्राने त्यांच्यापुढे फोन ठेवला आणि म्हणाला, "सर, तुम्ही घेऊन बघा." सरांनी हौसेने रक्कम टाकली, पन्नास हजार. पुढचा पडदा आला. सरांनी प्रश्न वाचला, चौकटीवर बोट ठेवलं, बोट उचललं आणि म्हणाले, "डेटाबेस कुठला वापरलाय?"

मार्क बरे पडले. फाईल लॅबमधल्या तिसऱ्या रांगेतल्या मशीनवर आहे, पुढच्या बॅचमध्ये कोणाला हवी असेल तर मॅडमना विचारून घ्या. आधार-पॅनच्या नावांचा पडदा अर्धवट आहे. आणि अंक बदलायचं बटण पट्टीवर अजून चालत नाही, तेवढं आजीसाठी मीच करून देणार आहे.